झटका आला, पण कोणता?

"काकाजीले झटका आला." धारणीहून ओळखीच्या डॉक्टरांना फोनवर मी एवढंच बोललो. त्यांना वाटलं, फिट. कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, दोन-चार मिनिटांत थांबेल, असं ते म्हणाले. फिटसाठी सल्ला बिनचूक होता. पण काकाजींचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता, जीभ अडखळत होती. हे मी सांगितलंच नाही. आम्ही थांबायची वाट पाहत बसलो.

कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी एकत्र नांदणाऱ्या या गावात 'झटका' विजेचा असतो, हृदयाचा असतो, फिटचा आणि लकव्याचाही. 'नस' तर त्याहून फसवी. पाठ्यपुस्तकातली चेता मेंदूचे संदेश नेते, शीर रक्त नेते. बोलीत दोन्ही नसच. मग 'नस दबली' म्हणत लुळ्या हाताला तेल चोळण्यात सकाळ जाते.

लकवा म्हणजेच पक्षाघात. पक्ष म्हणजे बाजू. शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे, आणि बहुतेकांचं भाषेचं केंद्रही तिथेच. म्हणून उजवा हात आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबते किंवा फुटते. यातलं काय झालं, ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी घरी देऊ नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि सेमाडोह-परतवाड्याच्या घाटानं अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर.

फिट वेगळी. मेंदूतल्या विजेसारख्या संदेशांचा अचानक गोंधळ होतो, अंग आखडतं, हातपाय उडतात. ती वारंवार येत असेल तर अपस्मार. लोक फेफरं, मिरगी म्हणतात. चप्पल हुंगवून ती थांबत नाही, आपोआप थांबते. पाच मिनिटांवर गेली तर मात्र 108 ला फोन करावा.

फोनवर रोगाचं नाव घेऊच नये. दिसतं ते सांगावं: तोंड कोणत्या बाजूला ओढलंय, हात उचलता येतो का, बोलणं समजतं का. 'बधिर' म्हणजे स्पर्श कळत नाही, 'लुळा' म्हणजे ताकद गेली. दोन्हींत गल्लत नको. दवाखान्यात सीटी स्कॅन चालू आहे का, हे निघण्याआधीच विचारावं. आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवावी.

अमरावतीत पहिला प्रश्न तोच आला. घरातल्या आम्हा पाच जणांनी पाच वेगवेगळ्या वेळा सांगितल्या.