घराचा नकाशा संगणकावर बिघडतो तेव्हा



परदेशात राहून गावाकडे घर बांधणाऱ्यांच्या संगणकावर एक फाइल हमखास सापडते: आर्किटेक्टने पाठवलेला नकाशा. मस्कतजवळच्या रुसैलमध्ये, जिथे मी राहते, तिथेही ती अनेकांकडे आहे. प्लॉट साताऱ्याला, आर्किटेक्ट पुण्याला आणि मालक इथे. फाइल उघडावी तर घर काडेपेटीएवढं दिसतं, भिंती वेड्यावाकड्या होतात, नाहीतर खोल्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

अशा वेळी सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. ऑटोकॅड असो, स्केचअप असो की फुकट मिळणारं फ्रीकॅड, त्याला घर दिसत नाही. त्याला फक्त आकडे दिसतात. रेषा म्हणजे दोन टोकांचे आकडे, अक्षर म्हणजे एक सांकेतिक क्रमांक. म्हणून बिघाड शोधताना प्रश्न एकच विचारायचा: या आकड्यांचं काय झालं?

घर लहान-मोठं झालं: एकक तपासा

फाइलमध्ये रेषेची लांबी नुसती ‘३६०’ अशी असते. ते ३६० इंच की मिलिमीटर, हे फाइलच्या सेटिंगमध्ये वेगळं नोंदवलेलं असतं, आणि पुष्कळदा ती नोंद कोरी किंवा चुकीची असते. महाराष्ट्रात घराचे नकाशे अजूनही सर्रास फूट-इंचांत होतात, तर आखाती देशांत मिलिमीटरमध्ये. ३० फूट रुंदीचा, म्हणजे ३६० इंचांचा प्लॉट मिलिमीटरच्या फाइलमध्ये तसाच आणला, तर त्याची रुंदी सव्वा फुटाहूनही कमी भरते. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९च्या आंतरराष्ट्रीय करारानं ठरलेलं आहे. त्यामुळे घर २५.४ पट चुकलं असेल तर गोंधळ इंचाचा, ३०४.८ पट चुकलं असेल तर फुटाचा.

ओळखायची सोपी कसोटी म्हणजे दार. ३ फुटी दाराची रुंदी मोजा. ३ आली तर नकाशा फुटांत आहे, ३६ आली तर इंचांत, ९१४.४ आली तर मिलिमीटरमध्ये आणि ०.९१४४ आली तर मीटरमध्ये. मग योग्य त्या पटीनं सगळा नकाशा एकदाच मोठा किंवा लहान करा.

फोनवर मापं सांगतानाही जपा. ‘दहा सहा’ म्हणजे १० फूट ६ इंच, म्हणजेच १०.५ फूट. ते कुणी १०.६ टाइप केलं, तर खोली ३ सेंटिमीटरनं वाढते आणि तयार कपाट भिंतीला टेकत नाही.

अशीच एक गल्लत जमिनीच्या मापात होते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बोलताना आपण ‘आर म्हणजे गुंठाच’ म्हणतो. पण १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर १ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. ५ गुंठे आणि ५ आर यांत जवळजवळ ६३ चौरस फुटांचा फरक पडतो. एवढ्यात एक ऐसपैस न्हाणीघर बसतं.

भिंती थरथरतात: प्लॉट मूळबिंदूपासून लांब आहे

हल्ली मोजणी उपग्रहांच्या मदतीनं होते आणि प्लॉटचे कोपरे यूटीएम पद्धतीच्या निर्देशांकांत मिळतात. या पद्धतीत उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात. साताऱ्यात ते सुमारे साडेएकोणीस लाख मीटर भरतं, रुसैलमध्ये २६ लाख. हे आकडे थेट नकाशात आले की झूम केल्यावर रेषा थरथरतात, गोल खांब ओबडधोबड होतात, पृष्ठभाग अर्धवट गायब होतात.

कारण असं. पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड वेगासाठी बहुधा ३२ बिटांचे आकडे वापरतं. त्यात साधारण ७ अंकांपुरतीच अचूकता मावते. आकडा मोठा झाला की शेजारच्या दोन शक्य आकड्यांतलं अंतरही वाढतं. १०,४८,५७६ ते २०,९७,१५२ या टप्प्यात (२चा २०वा ते २१वा घात) हे अंतर १२.५ सेंटिमीटर असतं, आणि त्यापुढच्या टप्प्यात २५ सेंटिमीटर. पहिल्या टप्प्यात सातारा येतं, दुसऱ्यात रुसैल. दोहोंमधली सीमारेषा योगायोगानं मुंबईच्या अक्षांशाजवळून जाते! आपली ९ इंची विटेची भिंत असते सुमारे २३ सेंटिमीटर जाड. म्हणजे रुसैलच्या निर्देशांकांवर काढलेल्या घरात ग्राफिक्स कार्डाची एक पायरीच भिंतीहून जाड झाली.

ऑटोकॅड फाइलमध्ये आकडे ६४ बिटांत साठवतं, म्हणून मूळ नकाशा शाबूत असतो. बिघडतं ते चित्र. उपाय असा: फाइलची प्रत काढा, प्लॉटचा एक कोपरा निवडा, त्याचे निर्देशांक कागदावर आणि फाइलमध्ये लिहून ठेवा, आणि मग प्लॉट, रस्ता, विहीर, घर असं सगळं एकत्र उचलून तो कोपरा शून्यावर आणा. फक्त अक्ष बदलून, म्हणजे यूसीएस हलवून, हे होत नाही. त्यानं फाइलमधले आकडे आहेत तसेच राहतात.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी आणखी एक सूचना. एककांच्या यादीत ‘यूएस सर्व्हे फूट’ दिसला तर तो भारतातल्या नकाशासाठी निवडू नका. नेहमीच्या फुटापेक्षा तो दहा लाखांत दोन भागच मोठा आहे, पण साताऱ्याच्या निर्देशांकांवर तेवढ्यानं प्लॉट जवळजवळ ४ मीटर सरकतो.

रंग भरत नाही, क्षेत्रफळ चुकतं: टोकं जुळलेली नाहीत

खोलीत हॅच भरायला गेलं की ‘बंद सीमा सापडत नाही’ असं उत्तर येतं. डोळ्यांना कोपरा जुळलेला दिसतो, पण मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असते. सॉफ्टवेअरच्या लेखी ते कुंपण उघडंच. ऑब्जेक्ट स्नॅप सुरू ठेवून रेषा काढणं हा खरा उपाय. आधीच झालेल्या नकाशात रेषा जोडून त्यांची बंद पॉलिलाइन करा.

क्षेत्रफळ काढायची रीत मजेशीर आहे. प्रत्येक कोपऱ्याचा क्ष पुढच्याच्या य-नं गुणायचा, त्यातून पुढच्याचा क्ष गुणिले याचा य वजा करायचा, सगळ्यांची बेरीज करून निम्मी करायची. बुटाची नाडी ओवल्यासारखे हे तिरपे गुणाकार जातात. इथे कोपऱ्यांचा क्रम महत्त्वाचा. चौरसाचे कोपरे १, २, ३, ४ ऐवजी १, ३, २, ४ असे घेतले तर आकृती डमरूसारखी होते, दोन्ही भाग एकमेकांतून वजा होतात आणि उत्तर शून्य येतं. क्षेत्रफळ संशयास्पद कमी असेल तर आधी रेषा कुठे एकमेकींना छेदतात का ते पाहा.

उघड्या पॉलिलाइनचं क्षेत्रफळ मात्र ऑटोकॅड टोकं मनानं जोडून सांगतं. उत्तर बरोबर वाटतं आणि चूक लपून राहते. डिसेंबर २०२०पासून मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. शिवाय अनेक ठिकाणी नकाशा आधी संगणकच तपासतो. पुण्यातल्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर ही त्यातली माहितीतली प्रणाली. ती ठरलेल्या नावांचे लेयर आणि बंद पॉलिलाइन वाचून क्षेत्रफळं मोजते. माणूस फट पाहून समजून घेतो, यंत्र फाइल परत पाठवतं, आणि परवानगी तेवढी लांबते.

प्रश्नचिन्हं, चौकोन आणि हरवलेले भाग

‘स्वयंपाकघर’च्या जागी ‘????’ दिसलं तर बहुधा वापरलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फाँटांत ती नसतेच. तिथे मंगलसारखा युनिकोड फाँट निवडा. पण जागेवर अर्थहीन रोमन अक्षरं दिसली तर कारण वेगळं आहे. जुन्या मराठी फाँटांत ‘क’ला इंग्रजी अक्षराचा क्रमांक दिलेला असतो. तो फाँट तुमच्याकडे नसला की संगणक त्या क्रमांकाचं इंग्रजी अक्षर दाखवतो. अशा वेळी तोच फाँट मागवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

नकाशाचा एखादा भागच नसेल, तर तो बाहेरच्या फाइलमधून जोडलेला आहे आणि ती फाइल आर्किटेक्टच्या संगणकावरच राहिली आहे. ऑटोकॅडच्या ‘ई-ट्रान्समिट’नं सगळ्या फाइली एका गठ्ठ्यात येतात. तसाच गठ्ठा मागा.

कागदावरची पट्टी

ए१ कागदावरचा १:१०० नकाशा ए३वर छापला की लांब्या निम्म्या होतात आणि प्रमाण १:२०० होतं. कोपऱ्यात मात्र १:१०० लिहिलेलंच राहतं. म्हणून छापील नकाशावर पट्टी लावून मापं काढू नका, लिहिलेली मापंच वाचा. नकाशात मोजपट्टीचं चित्र काढून घेतलं तर उत्तमच, कारण कागदाबरोबर तेही आक्रसतं.

तर क्रम असा ठेवा: आधी दार मोजा, मग प्लॉटच्या कोपऱ्याचे निर्देशांक पाहा, मग सीमा बंद आहेत का ते, आणि शेवटी अक्षरं. आर्किटेक्टला फोन करताना ‘फाइल बिघडली’ असं न सांगता ‘मुख्य दार ३६ दाखवतंय आणि एकक मिलिमीटर आहे’ असं सांगा. तिकडे दोन मिनिटांत दुरुस्ती होईल. पाया खणायला येणाऱ्या माणसाच्या हातात शेवटी हेच आकडे पडणार आहेत. आज ते पडद्यावर बदलता येतात, पाया भरल्यावर नाही.