सभासद शिक्षण : मोठ्या कामाला एकच रीत हवी



येत्या सर्वसाधारण सभेपुढे आपल्या कारखान्याच्या विस्तारवाढीचा विषय येणार आहे. मिलची वाढ, नवा बॉयलर आणि डिस्टिलरी असे तिहेरी काम आहे. पैसा किती लागणार, कर्ज कोणाकडून घेणार, यावर बोलायला सभेत पुष्कळ मंडळी उठतील, आणि उठावेच. पण हे काम कोणत्या रीतीने पार पाडणार, हा प्रश्न आजवर आपल्या सभेत कोणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. म्हणून यावेळच्या अभ्यासवर्गाला आम्ही तोच विषय घेतला.

वर्ग नाशिकला इंदिरानगरात, एका निवृत्त इंजिनिअर साहेबांच्या घरी भरला. साहेबांची सारी नोकरी मोठ्या कंपन्यांत यंत्रसामग्री उभारण्यात गेली. आम्ही दोन जीपा करून निघालो आणि अर्धा तास उशिरा पोहोचलो. गोविंदनगरकडून इंदिरानगरात शिरायचा महामार्गाखालचा बोगदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कारण सांगायला नको. २०१३ साली वरचा उड्डाणपूल खुला झाला, वरून गाड्या भरधाव जातात; खाली मात्र सारी रहदारी एका अरुंद तोंडाशी येऊन थबकते. साहेबांनी चहा देता देता विचारले, "घरापासून इथवर किती मैल मोकळा रस्ता मिळाला?" आमच्यातले एक आबा म्हणाले, "सगळाच मोकळा होता हो, तेवढा बोगदा सोडून." साहेब म्हणाले, "मग आजचा धडा तुम्ही रस्त्यातच शिकून आलात."

आता हे आपल्या कारखान्याला लावून पाहू. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होते. ते दरसाल होते म्हणून आपण त्याला मोठे काम समजत नाही; पण शेकडो माणसे, अनेक खाती आणि ठरलेली शेवटची तारीख असलेले ते एक पुरते मोठे कामच आहे. साहेबांनी पाटीवर मांडलेला हिशेब असा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, आपल्या कारखान्याचे नव्हेत.

मिलचे रोलर उतरवायला १० दिवस. बाहेर पाठवून नवे शेल चढवून परत यायला ७५ दिवस. बसवायला २०. म्हणजे १०५ दिवस. दुसरीकडे बॉयलर : नळ्या साफ करायला २०, खराब नळ्या बदलायला ३५, पाण्याच्या दाबाची चाचणी आणि सरकारी बॉयलर इन्स्पेक्टरची तपासणी १५, असे ७० दिवस. पॅन, इव्हॅपोरेटर वगैरे ५० दिवसांत उरकतात. ही सगळी कामे एकाच वेळी चालू शकतात. सगळ्यांच्या शेवटी चाचणी, तिला १० दिवस. मग एकंदर किती दिवस लागले? बेरीज करायची नाही. सर्वांत लांब वाट पाहायची : रोलरचे १०५ आणि चाचणीचे १०, म्हणजे ११५.

यातून निघते ते असे, की बॉयलरचे काम महिनाभर लांबले तरी हंगामाला धक्का नाही, त्याच्याजवळ ३५ दिवसांची सवड आहे. रोलर मात्र एक दिवस उशिरा आला तरी मोळी एक दिवस उशिरा पडेल. रोलर म्हणजे आपला बोगदा.

इथवर सगळ्यांना पटले. मग साहेबांनी विचारले, "रोलर पाठवायचा निर्णय किती दिवसांत होतो?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. अंदाजपत्रक, तीन निविदा, खरेदी समिती, मग संचालक मंडळ. सगळे सुरळीत चालले तरी ४५ दिवस कुठे गेले नाहीत. म्हणजे ११५ चे १६० झाले. १५ एप्रिलला मिल थांबली असे धरले तर २२ सप्टेंबर उजाडला. दसरा गाठता येईल, पण हातात फारसे काही उरत नाही. मंजुरी आणखी ४० दिवस रेंगाळली की १ नोव्हेंबर. आणि हे ४५ दिवस लोखंडाचे नव्हेत, कागदाचे आहेत. निविदा फेब्रुवारीत, मिल चालू असतानाच मागवल्या तर ते सगळेच्या सगळे वाचतात. फिटरला घाई करून दोन दिवस वाचवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

आम्ही स्वतः हे भोगलेले आहे. मागे एकदा एका मोठ्या यंत्राचे काम लांबले आणि हंगाम तीन आठवडे उशिरा लागला. पुरवठादाराने उशीर केला असे सभेत सांगितले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण त्याला ऑर्डर केव्हा गेली, पाया केव्हा तयार झाला, नकाशात बदल कोणी सांगितला, हे एकाही वहीत सलग लिहिलेले सापडले नाही. ज्याला विचारावे तो म्हणे, "माझ्याकडून केव्हाच झाले होते." आडसाली ऊस उभ्या उभ्या वाळला, तुरे आले, वजन घटले. तोडणीची टोळी उचल घेऊन बसून राहिली. आमच्यापैकी दोघांनी तो ऊस मिळेल त्या भावाने गुऱ्हाळाला घातला. त्याची भरपाई कोणी कोणाला मागायची?

सर्वांत लांब वाट शोधण्याची ही युक्ती मुळात कारखान्यांतूनच आली आहे. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास ती बसवली. तिला क्रिटिकल पाथ मेथड म्हणतात. त्या कंपनीच्या लुईव्हिल येथील कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे बंद ठेवावी लागत, त्याला सरासरी १२५ तास लागत. या पद्धतीने आखणी केल्यावर ते ९३ तासांवर आले. म्हणजे पहिल्या प्रयोगांतच ओव्हरहॉलिंग होते! त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची अशीच रीत काढली. पुढे आखणीपुरते न थांबता काम कोणाच्या अंगावर, पैसा केव्हा सोडायचा, बदल कोण मंजूर करणार, हे सारे एका ठरीव चौकटीत बसवले गेले. ब्रिटन सरकारने १९८९ साली आपल्या संगणकाच्या कामांसाठी प्रिन्स नावाची चौकट लागू केली, १९९६ मध्ये ती सर्व प्रकारच्या कामांना चालेल अशी केली. २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही या विषयाचे मानक काढले.

परदेशाचे राहू द्या, कोकण रेल्वे पाहा. जुलै १९९० मध्ये तिच्यासाठी वेगळी कंपनी काढली. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. भांडवलाखेरीज पुष्कळसा पैसा रोखे विकून उभा केला, म्हणजे पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. ई. श्रीधरन यांनी रोहा ते मंगळूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या कामाचे सात विभाग पाडले, दर विभागाला एक मुख्य अभियंता, आणि निर्णयाचे अधिकार त्याच्याच हाती दिले. दर गोष्टीला वर विचारायला जायचे नाही. सपाटीवरचे तुकडे भराभर झाले. मंगळूर-उडुपी गाडी मार्च १९९३ मध्येच धावली. पण गोव्यात मार्गाच्या वादाने काम थांबले आणि पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा ओल्या मातीतून जाताना पुनःपुन्हा ढासळला. बाकी रूळ तयार, पूल तयार, स्थानके तयार, आणि सलग गाडी सुटायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. मूळ बेत पाच वर्षांचा होता. आम्ही इंदिरानगरच्या बोगद्यात अर्धा तास अडकलो, त्यांना पेडण्याच्या बोगद्याने अडवले. चांगली रीत असली म्हणजे माती ढासळत नाही असे नव्हे. पण कोणत्या जागी काम अडले आहे आणि तिथे कोण उभा आहे, हे रोज कळत असते.

आपल्यासारख्या मोठ्या संस्थेत खरी अडचण शब्दांची आहे. "काम झाले" म्हणजे काय? चिफ इंजिनिअर म्हणतात यंत्र बसले. स्टोअर म्हणते माल आला. हिशेब खाते म्हणते बिल अदा झाले. शेतकी खात्याच्या मते गव्हाणीत ऊस पडेल तेव्हा काम झाले, आणि सभासद त्याच बाजूचा. तीन कंत्राटदार, सल्लागार, बँक असे सगळे आपापल्या नमुन्यात अहवाल देतात आणि संचालकांपुढे पाच प्रकारचे कागद येतात, जे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. म्हणून रीत एक करायची, म्हणजे आधी शब्द एक करायचे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ऊस नोंदीचेच बघा ना. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, गट, मग तोडणीचा क्रम, स्लिपबॉयची चिठ्ठी, काट्यावरची पावती. सगळ्या गटांत एकच नमुना. म्हणूनच एखाद्याचा ऊस क्रम सोडून आधी तुटला तर गावात लगेच ओरड होते, कारण तारीख वहीत असते. तीच वही यंत्राच्या कामाला का नको?

साहेबांनी सांगितलेल्या गोष्टींत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मधल्या बदलांची. काम अर्धे झाल्यावर कोणीतरी म्हणतो, "करतोच आहोत तर आणखी थोडी गाळप क्षमता वाढवू." सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पाया बदलतो, नकाशा बदलतो, पुरवठादार हात वर करतो. असा प्रत्येक बदल एका नोंदवहीत यावा. त्याने किती दिवस आणि किती रुपये वाढतील ते शेजारी लिहावे. मगच मंडळाने सही करावी. सुचवणारा संचालक असो की चेअरमन, वही सर्वांना एकच. तसेच एका कामाला एकच जबाबदार माणूस हवा. समिती सल्ला देईल, जाब एकानेच द्यायचा. आणि पुढच्या टप्प्याचा पैसा मागचा टप्पा तपासल्याशिवाय सुटू नये.

एक धोकाही सांगतो. ही चौकट आणून नुसते फॉर्म भरत बसण्याची खोड मोठमोठ्या कंपन्यांनाही लागते. वीस रकान्यांचा तक्ता दर सोमवारी भरायचा आणि कोणी वाचायचा नाही. आमचे मत असे, की एका कामाला एक पान पुरे, आणि फिटरला वाचता येईल अशा मराठीत.

आता उशिराची किंमत. समजा ४० कोटी कर्ज, व्याज १२ टक्के. वर्षाला ४ कोटी ८० लाख, महिन्याला ४० लाख. गाळप ४ लाख टन धरले तर एक महिन्याचा उशीर म्हणजे टनामागे १० रुपये. तीन महिने काम लांबले की ३० रुपये. ६० टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे १,८०० रुपये गेले, आणि ते बिलात वजावट म्हणून कुठेही दिसत नाहीत. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण बंद पडलेल्या कामाचे व्याज आधी भागवावे लागले की ते १४ दिवस पाळायलाच कारखान्याला दमछाक होते.

तेव्हा सभेत विस्तारवाढीला हात वर करण्याआधी एवढे विचारावे : या तीन कामांतली सर्वांत लांब वाट कोणती, तिच्यावर कोणाची सही आहे, आणि बदलाची नोंदवही कोणाकडे राहणार. अभ्यासवर्गातील ओव्हरहॉलिंगचा तक्ता मोठ्या अक्षरात काढून प्रत्येक गट ऑफिसात लावला आहे. रोलर, बॉयलर, पॅन असे तीन रकाने असून तारखांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या दर पंधरवड्याला भरून घेण्याचे चिफ इंजिनिअर साहेबांनी कबूल केले आहे. शंका लेखी स्वरूपात गट ऑफिसात द्याव्यात, उत्तरे पुढील अंकात छापू.