दोष कोणाचा?

उरण तालुक्यातील मोरा हे समुद्रकाठचे गाव. येथील बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँच जाते. या गावातील एका मच्छीमाराच्या घरचा संगणक ऐन जुलै महिन्यात बंद पडला. दिवा लागे, पंखा फिरे. पण पडदा काळाच राही.

"पडदाच बिघडला. नवा आणू," मोठा भाऊ म्हणाला. वडील चिंतेत पडले. पावसाळी मासेमारीबंदीमुळे होडी जूनपासून किनाऱ्यावर होती. घरात पैसा येत नव्हता.

आजोबांनी उभे आयुष्य लाँचच्या इंजिनावर घालविले होते. संगणकाचे ज्ञान त्यांना नव्हते. ते नातीला म्हणाले, "पोरी, चौकशीवाचून कोणास दोषी ठरवू नये. इंजिन अडले की आम्ही एका वेळी एकच भाग बदलीत असू. दोन भाग एकदम बदलले, तर इंजिन चालेल. पण दोष कोणाचा होता, ते कळणार नाही."

नातीने घरचा पडदा शेजाऱ्यांच्या संगणकास जोडून पाहिला. तो लख्ख उजळला! पडद्यावरचा आळ टळला. मग शेजाऱ्यांची चांगली तार आणून घरच्या संगणकास जोडली, तरी अंधारच. तारही निर्दोष ठरली.

आता संगणकाची पेटी उघडावयाची होती. भावाने प्रथम भिंतीतील प्लग काढला. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू नयेत, म्हणून दोघांनी पेटीच्या धातूस हात लावला. वीज पुरविणारा आतला बंद डबा मात्र त्यांनी उघडला नाही. प्लग काढल्यावरही त्यात घातक वीज साठून राहू शकते.

आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढून एकच बसविली आणि प्लग लावला. पडदा उजळला! पुन्हा प्लग काढून त्याच खाचेत दुसरी बसविली. पडदा काळा!

"सापडला चोर! फेकून देऊ," भाऊ ओरडला.

"थांब," आजोबा म्हणाले. "ती निकामी झाली आहे, की नुसती मळली आहे?"

नातीने पट्टीची धातूची कड खोडरबराने हलकेच पुसली, कण झटकले आणि पट्टी घट्ट बसविली. पडदा उजळला! समुद्रकाठच्या दमट हवेने कडेवर मळ धरला होता. एक पैसाही खर्च झाला नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. अशा यंत्रात नलिका निकामी झाली, तर ती हुडकून बदलावी लागे. यंत्रे पुढे लहान झाली; दोष शोधण्याची रीत मात्र तीच राहिली. एका वेळी एकच बदल करावा, परिणाम पाहावा आणि मगच निर्णय द्यावा.

स्वाध्याय

१. पडदा निर्दोष आहे, हे कसे सिद्ध झाले?
२. दोन भाग एकदम का बदलू नयेत?
३. 'आळ टळणे' हा वाक्प्रचार वाक्यात योजा.