पुराच्या रात्री पाठीवर काय असावे?



२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा आम्ही एका शाळेत आसऱ्याला आलेल्या कुटुंबांची तपासणी करत होतो. नासर्डीकाठच्या वस्तीतल्या एक आजी डोक्यावर गाठोडे घेऊन आल्या होत्या. गाठोड्यात पितळी डबा, दोन पातेली आणि गोधडी. बीपीच्या गोळ्या मात्र घरातल्या फळीवरच राहिल्या. दोन दिवस गोळी नाही, वरचा आकडा १९० च्या पुढे. कोणती गोळी, किती पॉवरची, हे सांगणारा कागदही पाण्यात गेला. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक वस्तीत एकच सांगतो : घरात एक भरलेली सॅक असू द्या.

नाशिकला पूर नवा नाही. २००८, २०१६ आणि २०१९ ही वर्षे आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, यावरून शहर पुराचा अंदाज घेते. पण नासर्डी आणि वाघाडीकाठच्या घरांनी त्या खुणेवर विसंबून राहू नये. हे नाले-नद्या शहरात आणि आसपास पडलेल्या पावसानेच फुगतात. मारुती कोरडा असतानाही आपल्या दारात पाणी येऊ शकते.

गाठोडे का नको?

गाठोडे धरायला हात लागतो. पाण्यातून निघताना एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात काठी किंवा दोर हवा. सॅक पाठीवर असली की दोन्ही हात मोकळे राहतात.

सॅक कशी निवडावी?

नवी घ्यायलाच हवी असे नाही. मुलाचे जुने दप्तर चालते. चेन आणि पट्ट्याची शिलाई दुरुस्त करून घ्या. मेन रोड-शालीमारच्या दुकानात नवी घेणार असाल, तर ब्रँड बघण्याआधी हे तपासा :

१. मोठ्या माणसासाठी २५ ते ३० लिटरची सॅक पुरते. त्याहून मोठी घेतली की आपण ती भरतोच आणि मग उचलवत नाही.
२. खांद्याचे पट्टे रुंद आणि गादीचे असावेत. बारीक पट्टा खांद्यात रुततो, हाताला मुंग्या येतात.
३. छातीवर आणि कमरेला पट्टा असेल तर उत्तम. कमरेचा पट्टा खांद्यावरचा भार कमी करतो.
४. सॅक कमरेच्या खाली लोंबता कामा नये.
५. दुकानातच तीन-चार किलो सामान घालून, दोन्ही पट्टे अडकवून चालून बघा. पट्टा जिथे शिवला आहे तिथे ओढून बघा. सॅक बहुधा तिथेच फाटते.
६. भगभगीत रंग घ्या. काळोखात आणि पावसात तो दुरून दिसतो.

‘वॉटरप्रूफ’ लिहिले असले तरी शिलाईतून आणि चेनमधून पाणी शिरतेच. सामान आधी जाड प्लास्टिक पिशवीत बांधा, मग सॅकमध्ये ठेवा.

वजन किती?

शाळेच्या दप्तराला मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. मोठ्यांनीही १० ते १५ टक्क्यांत राहावे. ५० किलोच्या बाईला ५ ते साडेसात किलो. हिशेब असा : पाणी २ लिटर म्हणजे २ किलो, सुका खाऊ १ किलो, कपडे-चादर दीड किलो, औषधे-टॉर्च अर्धा किलो, कागद अर्धा किलो, रिकामी सॅक सुमारे अर्धा किलो. झाले ६ किलो. कडेवर मूल असेल तर पाणी दुसऱ्याच्या सॅकमध्ये द्या. गरोदर बाईच्या पाठीवर फक्त तिची औषधे आणि माता-बाल कार्ड. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागी ठेवा.

आत काय?

रोजच्या गोळ्या ७ दिवसांच्या, पाकिटासकट, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. टीबीच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. इन्सुलिन सॅकमध्ये आधीपासून ठेवता येत नाही. म्हणून सॅकच्या पट्ट्याला चिठ्ठी बांधा : ‘इन्सुलिन घे.’

ओआरएसची ४ पाकिटे. ती संपली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. पॅरासिटामॉल, पट्टी, कापूस, सॅनिटरी पॅड, साबण, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, बिस्किटे. टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक. कागदावर लिहिलेले फोन नंबर, कारण मोबाईल बंद पडतो : रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७.

कागद हेही औषधच

रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, लाईट बिल, झोपडीचा पुरावा. पूर ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळी हेच विचारतात. आणि सर्वांत मोलाचा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जुना दाखला. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो भिजला तर नातवाची फी-सवलत आणि शिष्यवृत्ती अडते. मूळ कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून जून ते सप्टेंबर सॅकमध्येच ठेवा. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या भागातल्या नातेवाइकाकडे द्या.

पाण्यातून निघताना

गुडघ्याएवढे वाहते पाणी धडधाकट माणसालाही पाडते. त्यात उतरू नका, पाणी चढण्याआधीच निघा. थोड्या पाण्यातून जावेच लागले तर छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पाय घसरला तर सॅक टाकून देता येते. सॅक पुन्हा भरता येईल. पायात चप्पल-बूट हवेच. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते, जखमेतून लेप्टो शिरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे सोसले आहे. पुरानंतर ताप आला तर घरी अंगावर काढू नका.

सराव सहलीत

खुंटीला टांगून ठेवलेली सॅक वेळेला दगा देते. चेन गंजते, गोळ्यांची तारीख उलटते. म्हणून तीच सॅक वापरात ठेवा. त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढताना, येवल्याच्या मुक्तिभूमीला जाताना, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना तीच पाठीवर घ्या. त्या वेळी मूळ कागद घरी ठेवा, गर्दीत सॅक पुढे छातीवर घ्या आणि लेकराच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी घाला. खांदा कुठे दुखतो, काय जास्त झाले, ते तिथेच कळते.

वर्षातून दोन तारखा पक्क्या करा : पावसाआधी बुद्ध पौर्णिमा आणि चैत्यभूमीला निघण्याचा आदला दिवस. खाऊ काढून मुलांना द्या, नवा भरा. गोळ्यांच्या तारखा वाचा. सॅक कुठे आहे हे घरातल्या लहानग्यालाही माहीत हवे.

त्या आजी आज बऱ्या आहेत. त्यांच्या दाराजवळ नातीचे जुने दप्तर लटकलेले असते. आम्ही वस्तीत गेलो की त्या आधी ते दाखवतात, मग चहा विचारतात.

जय भीम!