इन्स्टॅक्स मिनी की पोलरॉइड?

प्रश्न : मुलीला वाढदिवसाला झटपट फोटो देणारा कॅमेरा घ्यायचाय. कोणता घ्यावा?

उत्तर : इन्स्टॅक्स मिनी घ्या. कॅमेऱ्याची किंमत नव्हे, फिल्मचा खर्च बघून सांगतो. मिनीच्या पाकिटात १० फोटो निघतात, पोलरॉइडच्या आय-टाइप पाकिटात ८. शिवाय पोलरॉइडचा एकेक फोटो आपल्याकडे मिनीच्या दुपटीहून महाग पडतो. मुलांचे सुरुवातीचे बरेच फोटो वाया जातात, ते पैसेही धरा. पोलरॉइडचे मऊ रंग मला फार आवडतात, पण फोटो पूर्ण उमटायला १०-१५ मिनिटे लागतात आणि निघाल्याबरोबर तो उजेडापासून झाकावा लागतो. मिनीचा दीडेक मिनिटात दिसतो. मात्र तो ६२ बाय ४६ मिलिमीटरचा, लहानच. घरातल्या सगळ्यांचे एकत्र फोटो हवे असतील तर इन्स्टॅक्स वाइड बघा. फिल्म मुदत तपासूनच घ्या.