रिठा आणि तेलकट शर्ट

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य असते. आजी आपले एकुलते रेशमी लुगडे रिठ्यानेच धूत असे. बोअरच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा साका कपड्यांवर बसतो. रिठ्याचे तसे होत नाही. परंतु तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या वडिलांच्या शर्टावरील ऑइलपुढे रिठा हरला. रात्रभर भिजवूनही डाग तसाच! मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला. त्याने पाण्यातील चुना खाली बसला आणि साध्या साबणाने डाग पुष्कळ फिकटला. मात्र सोडा रेशीम व लोकर बिघडवतो, हातांची कातडीही. आईच्या बोटांना आधीच भेगा. म्हणून आता दोन बादल्या आहेत. सोड्याची बादली माझी.