वर्गणी घेतली, पट्टी कुठंय?

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन किती भरलं, भाव काय निघाला, हमाली-तोलाईचे किती कापले, हाती किती राहिले, सगळं त्यावर असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि त्याला जेमतेम दोन रुपये उरले. राज्यभर हळहळ झाली. पण पैसे कशात गेले ते सगळ्यांना दिसलं, कारण कपात पट्टीवर लिहिलेली होती. अशा पट्ट्या वाचत वाढलेली मुलं कॉलेजच्या मंडळात मात्र हजारो रुपये तोंडी फिरवतात. त्याचं पुढे काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या वेळी आमचं विद्यार्थी मंडळ वारकऱ्यांना पाणी, औषधं आणि सफाई अशी सेवा द्यायचं. त्यासाठी बाजारपेठेत, पालकांकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे वर्गणी व्हायची. मी खजिनदार झालो तेव्हा आधीच्या वर्षीचं देणं माझ्याआधी येऊन बसलं होतं. मंडपवाला वही घेऊन दारात उभा, “राहिलेलं कधी देताय?”

आधीच्या खजिनदाराने वर्गणी स्वतःच्या फोनवरच्या क्यूआर कोडवर घेतली होती. घरून मेसचे पैसे त्याच खात्यात यायचे, रिचार्जही त्यातूनच व्हायचा. पाण्याचे बॉक्स, टेम्पोचं भाडं, स्वयंसेवकांचा चहा-नाश्ता सगळं रोखीने झालेलं, पावती एकाचीही नाही. आम्ही बँकेचं स्टेटमेंट काढून बसलो. पैसे आलेले दिसत होते, गेलेले दिसत होते, कशासाठी गेले ते दिसत नव्हतं. त्याने पैसे खाल्ले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल कधीच लागला होता. त्याने कॉलेजात येणंच कमी केलं. मंडपवाल्याचं देणं आम्ही माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरून हप्त्याहप्त्याने फेडलं. वर्गणीला गेलो की दुकानदार हसत विचारायचे, “मागच्या वर्षीचं काय झालं रं?”

तेव्हा कळलं, हिशेबाच्या वहीची सगळ्यात जास्त गरज प्रामाणिक खजिनदारालाच असते. म्हणून पुढच्यांसाठी या काही गोष्टी.

पैसे कुणाच्याही खासगी खात्यात घेऊ नका. प्राचार्यांकडे अर्ज करा आणि कॉलेजमार्फत स्वतंत्र खातं किंवा कॉलेजच्या खात्यात वेगळं शीर्षक मिळवा. पैसे काढायला विद्यार्थी खजिनदार आणि सल्लागार प्राध्यापक अशा दोन सह्या हव्यात. राष्ट्रीय सेवा योजनेचं अनुदान वेगळं आणि मंडळाची वर्गणी वेगळी, दोन्ही एका वहीत मिसळू नका. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढावी लागते. तुम्हीही बाजारपेठेत उतरण्याआधी आपल्याला काय लागतं ते प्राचार्यांकडून लेखी घ्या.

पावतीपुस्तक क्रमांकाचं हवं. फोनवर पैसे आले तरी पावती फाडा, स्थळप्रत ठेवा. कुणी पाण्याचे वीस बॉक्स दिले तर तेही लिहा, नाहीतर त्याच बॉक्सचं बिल नंतर खर्चात दिसतं. किती पुस्तकं छापली, कुणाला दिली, किती परत आली याची नोंद ठेवा. चुकलेली पावती फाडून टाकू नका. तिच्यावर ‘रद्द’ लिहून पुस्तकातच राहू द्या.

आधी अंदाजपत्रक, मग वर्गणी. ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे तो खर्च पहिला, म्हणजे पाणी, औषधं, वाहतूक. फ्लेक्स, टी-शर्ट, पाहुण्यांचे हार-नारळ शेवटी, आणि पैसे उरले तरच. कबूल झालेली वर्गणी जमेत धरू नका. “देतो की” म्हणणारे लोणंदलाच काय, सगळीकडेच असतात. मंडपाचं, छपाईचं काम देताना तीन ठिकाणचे दर कागदावर घ्या. एखाद्या सभासदाचा मामाच मंडपवाला असेल तरी हरकत नाही, पण बाकीचे दोन दर विचारल्याशिवाय काम देऊ नका, आणि निर्णयाला त्या सभासदाला बसवू नका.

उचल दिली की तिचा निकाल लावा. कुणाला खरेदीसाठी हजार रुपये दिले तर व्हाउचरवर सही घ्या, आठवड्यात बिलं आणि उरलेली रक्कम परत घ्या. पहिली उचल मिटेपर्यंत दुसरी नाही. चहावाल्याकडे छापील बिल नसतं. तिथे तारीख, रक्कम, कारण लिहून त्याचीच सही घ्या. खर्च मंजूर करणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नको.

कार्यक्रम संपला की हिशेब फलकावर. जमा, खर्च, शिल्लक, देणी, सगळं एका पानावर. विद्यार्थी मंडळाचं खरं दुखणं हे की कार्यकारिणी दरवर्षी बदलते. तृतीय वर्षाची मुलं पास होऊन पुण्याला निघून जातात आणि हिशेब त्यांच्या डोक्यातच जातो. म्हणून निकाल लागण्याआधी नव्या खजिनदाराला वही, पावतीपुस्तकं, शिल्लक आणि देण्यांची यादी द्या. त्या कागदावर दोघांच्या आणि सल्लागार प्राध्यापकांच्या सह्या घ्या.

शिल्लक राहिली तर ‘जेवण ठेवू’ असा सूर निघतोच. ज्या साताऱ्यात वसतिगृहातली पोरं जेवावीत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, तिथे वारकऱ्यांच्या नावाने मागितलेल्या पैशांवर ढाब्यावर पंगत बसवणं शोभत नाही. शिल्लक पुढच्या वर्षीच्या कामाला ठेवा आणि तसं लिहा.

एवढं करूनही कधी रक्कम जुळणार नाही. त्याच दिवशी प्राध्यापकांना सांगा, बिलं घेऊन चौघे समोरासमोर बसा, ग्रुपवर नाव घेऊ नका. दोनशेची तूट लगेच सांगितली तर तासाभरात उकलते, लपवली की वर्षभर माणसं एकमेकांकडे संशयाने बघतात.

आणि निवड करतानाच एक पाहा. हिशेब विचारला म्हणून ज्याला राग येतो त्याला खजिनदार करू नका, आणि हिशेब विचारायची ज्याला लाज वाटते त्याने वर्गणीला जाऊ नये.